स्टिरिओला सबवूफर जोडण्यापूर्वी आणि जोडताना

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. राजारामपुरीतील तुमच्या फ्लॅटचा हॉल ११ फूट रुंद आणि १४ फूट लांब आहे. त्यात साडेपाच इंची वूफरचे (खालचे स्वर काढणाऱ्या पडद्याचे) छोटे बुकशेल्फ स्पीकर स्टँडवर, भिंतीपासून बरेच पुढे ठेवलेले आहेत आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला आहे. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला सबवूफरसाठी, म्हणजे फक्त सर्वांत खालचे स्वर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरसाठी, वेगळे आउटपुट नाही. ऐकण्यात मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीते असतात, सुटीच्या दिवशी एखादा चित्रपट. डग्ग्याला वजन नाही आणि चित्रपटातील खोल आवाज पोहोचत नाहीत, ही तुमची तक्रार. दुकानदार १२ इंची सबवूफर सुचवतो, घरच्यांना खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची काळजी वाटते, आणि किती इंची घ्यावा व कसा जोडावा हे तुम्ही विचारले आहे.

कोल्हापूर परिसरात घरगुती संगीतयंत्रणा बसवून आणि लावून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की इंचांचा प्रश्न यात सर्वांत शेवटी येतो. तुमच्या तक्रारीत खरे तर दोन तक्रारी मिसळल्या आहेत आणि त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. डग्ग्याच्या घुमाऱ्याचा मोठा भाग साधारणपणे ७० ते १५० हर्ट्झच्या (सेकंदाला इतक्या कंपनांच्या) पट्ट्यात असतो. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर बोलते. साडेपाच इंची वूफरचे बरे बुकशेल्फ स्पीकर ५५ ते ६० हर्ट्झपर्यंत समाधानकारक उतरतात, म्हणजे डग्गा आणि खर्ज हे दोन्ही तुमच्या स्पीकरच्या आवाक्यातच आहेत. ते ऐकू येत नसतील तर कुठे तरी हरवत आहेत, आणि हरवलेली गोष्ट आधी शोधावी लागते. चित्रपटातील स्फोट आणि गडगडाट मात्र २० ते ४० हर्ट्झपर्यंत खाली जातात. ते तुमच्या स्पीकरच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि तिथे सबवूफरला खरोखरच काम आहे.

म्हणून पहिली तपासणी तारांची. दोन स्पीकरपैकी एकाची लाल-काळी तार उलट जोडली गेली असेल तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. गायकाचा आवाजही मधोमध न येता पसरट, जागा नसलेला वाटतो. दोन्ही स्पीकर तोंडासमोर तोंड करून हातभर अंतरावर ठेवा, दोन्हींवर एकच मोनो ध्वनिमुद्रण लावा आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एका स्पीकरच्या तारा अदलाबदल करून पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज भरदार होतो ती बरोबर. ही चूक मला महागड्या यंत्रणांमध्येही वरचेवर आढळते, आणि ती सापडल्यावर सबवूफरचा विषयच मिटल्याची घरे मी पाहिली आहेत.

दुसरी तपासणी स्पीकर आणि भिंतीतील अंतराची. खालचे स्वर स्पीकरमधून केवळ पुढे जात नाहीत, चारी दिशांना पसरतात. मागे गेलेली लहर भिंतीवर आपटून परत येते आणि जिच्या लांबीचा एक चतुर्थांश वूफर ते भिंत या अंतराइतका असतो, ती पुढे जाणाऱ्या लहरीच्या बरोबर विरुद्ध स्थितीत येऊन तिला मारते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला आणि वूफरच्या पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंत ९० सेंटिमीटर अंतर असले, तर हा खड्डा, म्हणजे आवाजातील घट, साधारण ९५ हर्ट्झवर पडतो, म्हणजे नेमका डग्ग्याच्या मुलखात. बाजूच्या भिंतीचे अंतरही तेवढेच असेल तर खड्डा अधिक खोल होतो. स्पीकर मागे सरकवून हे अंतर ४० सेंटिमीटरवर आणले की खड्डा २१५ हर्ट्झच्या आसपास जातो आणि तिथे स्पीकरचा आवाज पुढच्या दिशेला अधिक एकवटू लागलेला असल्यामुळे तो बराच उथळही होतो. भिंतीपासून जितके पुढे तितके चांगले, हा सल्ला मोठ्या खोल्यांसाठी ठीक आहे. ११ बाय १४ च्या हॉलमध्ये तो अनेकदा डग्ग्याचा बळी घेतो. मुख्य स्पीकर पूर्ण पट्टा वाजवत असतील तर हा खड्डा सबवूफर आणल्यावरही तसाच राहतो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट खोलीची स्वतःची घुमण्याची प्रवृत्ती. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक कंपनांच्या लहरी अडकून स्थिर होतात. तुमच्या हॉलच्या लांबीमुळे ४० हर्ट्झच्या आसपास, रुंदीमुळे ५१ च्या आसपास आणि छत साडेनऊ फुटांवर असल्यास ५९ च्या आसपास असे तीन मुख्य घुमारे येतील. बाल्कनीचे दार, स्वयंपाकघराकडची मोकळी बाजू, पडदे आणि पुस्तकांची कपाटे यांमुळे हे आकडे आणि त्यांची तीव्रता बदलते, त्यामुळे ही गणिते दिशा दाखवण्यापुरतीच घ्यावीत. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसले की हॉलच्या लांबीतील सर्व घुमारे कानाशी सर्वाधिक दाबाने येतात आणि बेस एका सुरात गुंगुं करतो. उलट हॉलच्या बरोबर मध्यावर बसले तर ४० हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घेतल्याने जो फरक पडतो, तो कित्येकदा नव्या यंत्रानेही पडत नाही. हॉलमधून जाण्यायेण्याची वाट अडते म्हणून घरात याला विरोध होतो, हे मला ठाऊक आहे. निदान ऐकताना तेवढा पुढे ओढण्याची सोय करावी.

एवढे करून डग्गा परत आला आणि तरीही चित्रपट, मोठे वाद्यवृंद किंवा ४१ हर्ट्झपर्यंत उतरणारे बेस गिटार आणि डबल बेस यांत पाया कमी वाटला, तर सबवूफर अवश्य घ्या. तो चांगला बसला की केवळ खालचा स्वर वाढत नाही. मंचाचा खोलपणा, सभागृहाची हवा आणि तानपुऱ्याची बैठक यांचीही जाणीव होऊ लागते. सबवूफर वाजतो आहे हे ज्याला जागेवरून बोट दाखवून सांगता येते, त्याचा सबवूफर नीट लागलेला नाही, अशी माझी साधी कसोटी आहे. विसर्जन मिरवणुकीतील डॉल्बीच्या भिंती ऐकून आपल्याकडे अनेकांची बेसची कल्पना छातीवर बसणाऱ्या दणक्याशी जोडली गेली आहे. घरातील संगीतात तो दणका आला की गायकाचा आवाज झाकोळतो आणि तासाभरात कान थकतात.

ध्वनिमुद्रणांविषयी एक गोष्ट इथेच सांगतो. जयपूर घराण्याचे संस्थापक गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले, त्यामुळे जयपूर घराण्याची जुनी मुद्रणे जपून ऐकणारी मंडळी या शहरात आहेत आणि तुम्हीही त्यांपैकी असाल असे प्रश्नावरून वाटते. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांसारख्या मुद्रणांमध्ये सबवूफरच्या पट्ट्यात संगीत जवळजवळ नसतेच. तिथे असते ती यंत्राची घरघर. अशा वेळी सबवूफर बंद ठेवणे हेच त्या गाण्याशी प्रामाणिक आहे. एलपी वाजवत असाल तर वाकलेल्या तबकडीमुळे १० हर्ट्झच्या खालची हालचाल सबवूफरच्या पडद्याला विनाकारण मागेपुढे ढकलत राहते, म्हणून तबकडीचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर असेल तर तो चालू करावा.

आता खरेदी. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला, म्हणजे पॉवर्ड सबवूफर हवा. जुन्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा) संचातील सुटा सबवूफर तुमच्या उपयोगाचा नाही, कारण त्याला चालवणारी शक्ती त्या संचाच्या मुख्य यंत्रात असते. खोक्यावरील पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे, हजारोंचे आकडे पूर्णपणे सोडून द्या आणि आरएमएस (सतत मिळणारे) वॅट व किती हर्ट्झपर्यंत किती डेसिबलच्या घटीसह उतरतो, एवढेच पाहा. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. त्यामुळे लहान पडद्याकडून २५ हर्ट्झची अपेक्षा करणे म्हणजे त्याला फाटेपर्यंत ताणणे आहे. दुसरीकडे, बंद हॉलमध्ये भिंती खालच्या स्वरांना आपसूक बळ देतात, म्हणून मैदानासाठी लागणारी ताकद घरात लागत नाही.

तुमच्या हॉलसाठी आणि तुमच्या ऐकण्यासाठी १० इंची, पूर्ण बंद पेटीचा सबवूफर मला योग्य वाटतो. बंद पेटीचा आवाज खाली जाताना सप्तकाला १२ डेसिबलच्या हळू उताराने कमी होतो आणि भिंतींच्या बळाशी तो चांगला जुळतो. छिद्राच्या, म्हणजे पोर्टेड पेटीतून ठरावीक स्वरापर्यंत आवाज जास्त मिळतो, पण त्याखाली तो सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो आणि लहान हॉलमध्ये त्या आवाजाची शेपटी रेंगाळल्यासारखी वाटू शकते. चित्रपट हेच मुख्य असते आणि हॉल जेवणघराकडे पूर्ण उघडा असता, तर मी दुकानदाराच्या १२ इंचीला विरोध केला नसता. चांगला आठ इंचीही बुकशेल्फ स्पीकरशी सुरेख जुळतो, फक्त त्याच्याकडून गडगडाट मागू नये.

गाडीचा वूफर घेऊन सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ड्रायव्हरच्या मोजमापांवरून पेटीचे आकारमान काढण्याचे गणित अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी घालून दिले. ते गणित करून, आतून पट्ट्या मारून आणि सांधे हवाबंद करून पेटी बांधली तर परिणाम उत्तम मिळतो. डोळ्याने अंदाज घेऊन बांधलेली पेटी मात्र एकाच स्वरावर दणदणते, आणि नंतर कोणत्याही बटणाने ते सुधारत नाही.

जोडणीची तुम्हाला वाटणारी अडचण फार मोठी नाही. हाय-लेव्हल किंवा स्पीकर-लेव्हल इनपुट असलेला सबवूफर निवडा. अ‍ॅम्प्लिफायरच्या ज्या टर्मिनलना तुमचे स्पीकर जोडले आहेत, त्याच टर्मिनलवरून आणखी एक तारांची जोडी सबवूफरकडे न्यायची. या इनपुटचा रोध खूप मोठा असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरवर वेगळा भार पडत नाही, आणि सबवूफरचा आवाज मुख्य आवाजाच्या बटणाबरोबरच कमीजास्त होतो. डावी आणि उजवी दोन्ही बाजू जोडा. जोडताना दोन्ही यंत्रांचे प्लग काढून ठेवा. क्लास-डी किंवा ब्रिज्ड पद्धतीच्या काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काळे टर्मिनल म्हणजे ग्राउंड (शून्य पातळीची जोडणी) नसते, आणि तिथे दोन काळी टर्मिनल एकत्र केल्यास यंत्र जळू शकते. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय काळ्या तारेला हात लावू नका. रेकॉर्ड-आउट किंवा टेप-आउटवरून सबवूफर जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका, कारण त्या आउटपुटची पातळी आवाजाच्या बटणाबरोबर बदलत नाही. एलएफई असे लिहिलेले इनपुटही तुमच्यासाठी नाही, कारण बहुतेक सबवूफरमध्ये ते वरचे स्वर अडवणारा आतील लो-पास फिल्टर वगळते आणि मग सबवूफरमधून गायकाचा आवाज येऊ लागतो.

या जोडणीची एक मर्यादा आहे. मुख्य स्पीकर पूर्वीप्रमाणे सगळा पट्टा वाजवतच राहतात, त्यांचे ओझे कमी होत नाही. ते कमी करायचे तर स्पीकरकडे जाणारे खालचे स्वर अडवणारा हाय-पास फिल्टर लागतो, जो होम थिएटर रिसीव्हरमध्ये किंवा काही नव्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असतो. तुम्ही मोठ्या आवाजात ऐकत नाही, त्यामुळे केवळ यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याची गरज मला दिसत नाही.

सबवूफर कुठे ठेवायचा हे हॉलमधील रिकाम्या जागेवरून ठरवू नका. सबवूफर तात्पुरता तुमच्या बसण्याच्या जागी, शक्यतो सोफ्यावरच, ठेवा. चालत जाणाऱ्या बेसचा एखादा तुकडा, म्हणजे डबल बेस एकेक स्वर घेत वरखाली जातो असे संगीत, सतत वाजवत ठेवा आणि जिथे सबवूफर ठेवणे शक्य आहे अशा प्रत्येक ठिकाणी जमिनीजवळ कान नेऊन ऐका. जिथे सर्व स्वर सारख्या ताकदीचे आणि सुटे ऐकू येतात, ती सबवूफरची जागा. हे करताना अवघडल्यासारखे वाटते, पण ध्वनीचा मार्ग उलटसुलट दोन्ही दिशांनी सारखाच असल्यामुळे ही पद्धत खात्रीची आहे. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो, मात्र तिन्ही घुमारेही एकदम जागे होतात. तुमच्यासारख्या हॉलमध्ये दोन स्पीकरच्या मधल्या टप्प्यात, पुढच्या भिंतीजवळ पण बरोबर मध्यावर नाही, अशी जागा मला बहुतेक वेळा उपयोगी पडते.

मग तीन बटणे. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या कंपनाच्या खालचे स्वर सबवूफर वाजवतो ती सीमा, ५० ते ६० हर्ट्झच्या दरम्यान ठेवून सुरुवात करा. बटणाभोवती छापलेले आकडे ढोबळ असतात, म्हणून कानाला पटेल तसे थोडे इकडेतिकडे करा. मुख्य स्पीकरना हाय-पास नसताना ८० वर ठेवले तर दोघांचा आवाज एकमेकांवर चढून फुगवटा येतो. फेजसाठी, म्हणजे सबवूफर आणि स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढेमागे हलावेत यासाठी, कोणाला तरी मदतीला घ्या: मोबाइलमधील टोन जनरेटर अ‍ॅम्प्लिफायरला जोडून क्रॉसओव्हरइतक्या कंपनाचा स्वर वाजवा, तुम्ही जागेवर बसा आणि मदतनीसाला बटण ० आणि १८० मध्ये फिरवायला सांगा. ज्या स्थितीत स्वर मोठा वाटतो ती बरोबर. फरकच कळत नसेल तर तुमच्या जागी त्या स्वराचा खड्डा असण्याची शक्यता आहे, तेव्हा पाच-दहा हर्ट्झ वरखाली करून पुन्हा पाहा. गेन, म्हणजे सबवूफरच्या आवाजाची पातळी, शून्यापासून हळू वाढवा, सबवूफर जाणवू लागला की थांबा आणि किंचित मागे या. हे नेहमी ऐकता त्याच आवाजावर करा, कारण आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर वरच्या स्वरांपेक्षा फार वेगाने कमी ऐकू येतात, आणि रात्री हळू आवाजात लावलेला गेन दिवसा जड होतो.

यापुढे जायचे असेल तर मोजमाप करा. यूएसबीवर चालणारा मापनाचा मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हॉलचा आलेख निघतो. आलेखातील उंचवटे इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक पट्ट्याचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सोयीने, खाली आणता येतात. खड्डे मात्र भरायला जाऊ नका. १० डेसिबल वाढवायचे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागणे, आणि जिथे लहरी एकमेकींना मारत आहेत तिथे ती शक्तीही मारलीच जाते. दुसऱ्या सबवूफरबद्दलही विचारणा होते. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवल्यास अनेक आसनांवर बेस सारखा मिळतो, हे ध्वनिसंशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये अभ्यासाने दाखवले. तुम्ही एका आसनावरून ऐकता, तेव्हा आज त्याची घाई नाही.

शेजाऱ्यांची काळजी रास्त आहे. ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, परंतु हे मोजमाप ज्या पद्धतीने होते ती ५० हर्ट्झच्या स्वराला ३० डेसिबल कमी धरते. म्हणजे मीटर मर्यादेत असतानाही खालच्या घरात धपधप ऐकू येऊ शकते. सबवूफरखाली रबराचे जाड पॅड ठेवल्याने पेटीची थरथर स्लॅबमध्ये उतरणे कमी होते; हवेतून जाणारा खालचा स्वर मात्र त्याने थांबत नाही. रात्री दहानंतर गेन खाली आणावा, आणि यंत्रणा लावून झाल्यावर एकदा शेजाऱ्यांच्या घरी जाऊन स्वतः ऐकून यावे. स्वतःच्या घरातील खडखडाटही तपासा: ३० ते १०० हर्ट्झपर्यंत स्वर हळूहळू चढवत न्या, म्हणजे खिडकीची काच, लोखंडी कपाटाचे दार आणि शोकेसमधील भांडी आपापली जागा सांगतात. बेस गढूळ आहे असे ज्याला म्हटले जाते, त्यातील बराच भाग या वस्तूंचा असतो.

विजेबाबत आग्रहाने सांगतो. सबवूफर जोडल्यावर सतत गुणगुण ऐकू आली तर बहुधा यंत्रे एकाहून अधिक मार्गांनी अर्थिंगला जोडली जाऊन अर्थिंगचे चक्र तयार झालेले असते. सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच विजेच्या एक्स्टेंशन पट्टीवर घ्या आणि टीव्हीची केबल तात्पुरती काढून पाहा. गुणगुण थांबली तर दोष केबलच्या मार्गाने येतो आहे. प्लगची अर्थ पिन कापण्याचा किंवा काढण्याचा उपाय कोणीही सांगितला तरी करू नका, कारण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. अर्थिंगची शंका असेल तर वायरमनला बोलावून तपासून घ्या. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की सबवूफरचा प्लग काढून ठेवावा, कारण तो स्टँडबायवर कायम विजेशी जोडलेला असतो. आपल्याकडील पावसाळी दमटपणात फोमच्या कडा लवकर कुजतात, म्हणून खरेदी करतानाच पडद्याची कड रबराची आहे ना, हे पाहून घ्या.

सबवूफर घेण्यापूर्वी तारा, स्पीकरचे अंतर आणि सोफा या तीन गोष्टी करून पाहा आणि ३० ते १५० हर्ट्झपर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने स्वर वाजवून कोणता फुगतो आणि कोणता बुडतो याची नोंद करा. दारे, खिडक्या आणि सामान दाखवणारा हॉलचा साधा आराखडा आणि ही नोंद मला कळवलीत, तर सबवूफरसाठी दोन-तीन जागा मी नेमकेपणाने सुचवू शकेन.